जलदेवीची ओटी

वेलापट्टणात वसुकेतु राजाचा अंमल चालू होता, त्या काळी बोधिसत्त्व पाणबुड्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव उत्तिय.

नगराच्या पश्चिमेला एक विस्तीर्ण, उथळ खारे तळे होते. समुद्र आणि तळे यांच्यामध्ये वाळूचा लांब दांडा, आणि त्या दांड्याला एके ठिकाणी मुख. तिथून भरतीचे पाणी आत येई, ओहोटीला बाहेर जाई. तळ्याच्या तळाशी गवताचे कुरण होते. हो, पाण्याखाली गवत! जमिनीवरच्या माणसाला सांगून पटत नाही. पण कोळंबी त्याच गवतात वाढे, खेकड्यांची पिले तिथेच लपत आणि मासे अंडी घालायला तिथेच येत. त्या कुरणात बुड्या मारून उत्तियाची साठ घरांची वस्ती शिंपले काढी आणि पोट भरी.

राजा वाईट नव्हता. उत्साही होता, आणि उत्साही राजापुढे बोलणार कोण? एकदा शेतातले तरारलेले भात पाहून त्याच्या मनात आले, खताने जमीन पिकते, मग पाणी का पिकणार नाही? पुरोहित पिंगलकाने त्या विचाराला लगेच शास्त्राचा आधार जोडून दिला. दर पौर्णिमेला जलदेवीची ओटी भरायची प्रथा सुरू झाली. घरटी एक पाटी शेणखत आणि एक घागर ताक. राजाकडून राजगोठ्यातल्या शेणाच्या शंभर गाड्या. सगळे तळ्यात.

पहिल्या वर्षी कोळंबी खरेच वाढली. झाले! राजाने ओटी दुप्पट केली. दुसऱ्या वर्षी पाणी गर्द हिरवे झाले. "देवी हिरवा शालू नेसली!" असे पिंगलक म्हणाला, आणि नगरातल्या बायकांनी काठावर येऊन हळदकुंकू वाहिले.

त्या हिरव्याखाली काय चालले होते ते फक्त पाणबुड्यांना ठाऊक होते. बुडी मारली की स्वतःचा हात दिसत नसे. ऊन तळापर्यंत पोचेनासे झाले. गवताच्या पात्यांवर बुळबुळीत शेवाळ चढले, पाती पिवळी पडली, मुळे कुजली. तिसऱ्या वर्षी तळाशी काळा चिखल उरला. त्याला सडक्या अंड्यांचा वास येई. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत आणि सूर्य वर येईतो मरून काठाला लागत. फक्त मुखापाशी, जिथे समुद्राचे स्वच्छ पाणी खेळत होते, तिथे गवताचा एक पट्टा तग धरून होता.

पुढच्या पौर्णिमेला पाणबुड्यांची वस्ती ओटी घेऊन गेलीच नाही.

पिंगलक तणतणत वस्तीत आला. "अरे उत्तिया, देवी कोपली म्हणूनच मासे मरताहेत. ओटी वाढवायची सोडून बंद करता?"

उत्तिय म्हणाला, "आचार्य, अजीर्ण झालेल्याला कोणी लाडू भरवतं का?"

हे उत्तर राजाच्या कानी गेले. आज्ञा सुटली: येत्या पौर्णिमेची ओटी मुखापाशी भरली जाईल, म्हणजे उरलेले तळेही हिरवे होईल. पाणबुड्यांनी घरटी ठरलेल्या दोन पाट्या आणाव्यात, नाहीतर तळे कायमचे सोडावे.

वस्तीत कालवा झाला. एक म्हातारा म्हणाला, "टाकू की दोन पाट्या! आपलं काय जातंय? घर तरी राहील."

"घर राहील, काका. पण त्या घरात शिजवणार काय?" उत्तियाने विचारले.

उत्तियाची बायको रोहिका म्हणाली, "अहो, राजा काही बुडी मारायचा नाही. त्याच्या दारात दिसेल असं काहीतरी करा."

राजवाड्यासमोर राजाने स्वतःच्या हाताने पेरलेला भाताचा वाफा होता. दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी त्याच्याभोवती बांबू रोवले, होड्यांची जुनी शिडे तिहेरी करून वर ताणली आणि सभोवती ठाण मांडले. राजा लालबुंद होऊन धावत आला.

"माझ्या भातावर अंधार करणारा तू कोण?"

"महाराज, मी एक रोप उपटलेलं नाही. पाणी घालतो, खत तर दुप्पट घालतो. तुम्ही तळ्याचं केलंत तेच मी भाताचं करतोय."

"खत घातलेलं पीक मरत नसतं!" राजा गरजला. "पौर्णिमेला शिडं काढू. भात जगलं असेल तर तुझी वस्ती उठेल आणि तुझा उजवा हात जाईल."

"आणि मेलं असेल तर?"

राजा तरातरा वाड्यात निघून गेला. उत्तिय मात्र तिथून हलला नाही.

बारा दिवसांनी, पौर्णिमेच्या सकाळी, सगळ्या नगरादेखत शिडे निघाली. भात पिवळे पडून खताच्या राड्यात आडवे झाले होते. उत्तियाने एक रोप उचलून राजाच्या हातात दिले. "याला खत कमी पडलं नाही, महाराज. ऊन कमी पडलं. आमच्या गवताचं दोन वर्षं हेच चाललंय."

राजाचा चेहरा उतरला. त्याला कळले होते. पण पिंगलक कानाशी लागला, "महाराज, गाड्या मुखापाशी उभ्या आहेत. मुहूर्त टळतोय." राजाला हुकूम देणे सोपे असते, चारचौघांत मागे घेणे महाकठीण. "आजची एवढी होऊन जाऊ दे," राजा पुटपुटला.

उत्तिय मुखाकडे निघाला. मागोमाग साठ घरे, बायकामाणसांसकट. गाड्यांच्या पुढ्यात सगळे कमरेएवढ्या पाण्यात हातात हात धरून उभे राहिले.

"पुरोहितबाबा, आधी आमच्या डोक्यावर ओता!" रोहिका ओरडली. "आम्हालाही वाढू द्या जरा!"

मानाची पाटी डोक्यावर घेऊन राजा स्वतः पाण्यात उतरला. "बाजूला हो, उत्तिया. ही शेवटची."

"नाही होत."

"राजाज्ञा आहे."

"असेल. माझ्या पायाशी गवताचा शेवटचा पट्टा आहे. त्याला आज्ञा कळत नाही, महाराज, त्याला ऊन कळतं. हात तोडा, वस्ती जाळा. एक पाटी पडू देणार नाही."

राजाने रागाने खाली पाहिले. पाणी नितळ होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तळ दिसला. हिरवी पाती भरतीच्या ओढीने एका बाजूला कलली होती, आणि त्यांच्यातून कोळंबीची नखाएवढी पिले इकडून तिकडे पळत होती.

"हे असं... सगळीकडे होतं?"

"या काठापासून त्या काठापर्यंत."

राजाने पाटी डोक्यावरून उतरवली आणि खतासकट काठावर परत नेली. "गाड्या शेतांकडे वळवा," तो म्हणाला.

पाणबुड्यांनी मुखापासचे कोंब नेऊन तळ्यात लावले. उत्तिय म्हातारा होऊन वारला तेव्हा अर्धेही कुरण भरले नव्हते. बाकीचे त्याच्या नातवंडांनी भरले.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून विहारात भगवान शास्त्याने समोर बसलेल्यांकडे पाहिले. "विहाराच्या पुष्करणीत माशांसाठी रोज भाताचे ढीग ओतून पुण्य जोडणारे आपले हे धनिक श्रेष्ठी तेव्हा वसुकेतु होते. त्यांना तसे सुचवणारा भिक्षू पिंगलक होता; आज तो मागच्या रांगेत बसला आहे. काल पुष्करणीच्या पायरीवर वाट अडवून उभी राहिलेली वृद्ध उपासिका म्हणजे रोहिका. उत्तिय मीच होतो. लबाडापुढे कोणीही उभा राहील, उपासकांनो. भला माणूस भल्यासाठी नाश करू लागला की त्याच्यापुढे न हलता उभे राहायचे, याला अधिष्ठान म्हणतात."

श्रेष्ठी उठले आणि आणलेला भात गोरगरिबांना वाढायला घेऊन गेले.