टेकडीवरचं बिनदोऱ्याचं झुडूप

एका गावात एक वैद्य राहत होता. गाव माळरानावरचं, पाऊस बेताचा. शेतात उगवे त्यापेक्षा जास्त टेकडीवर उगवे, आणि तेही काटेरी. त्या काट्यांत वाघाटी होती, तरटी होती, पाचुंदा होता. वाघाटीच्या फळांची लोक भाजी करत, तरटीच्या फांद्या कुंपणाला लावत, आणि पाचुंद्याची साल वैद्याच्या खलात जाई. लहानपणी तिन्ही झुडपं इतकी सारखी दिसत, की सख्ख्या बहिणी म्हणाव्यात. कोणतं झुडूप कोणतं, हे सांगणं वैद्याचं काम.

वैद्याच्या गुरूने त्याला एक रीत घालून दिली होती. ज्या झुडपाची ओळख पटत नाही, त्याला पांढरा दोरा बांधायचा. दोरा बांधलेल्या झुडपाला कोणी हात लावायचा नाही. त्याला फूल येऊ द्यायचं, फूल पाहायचं आणि मगच नाव द्यायचं. गुरू म्हणत, "पान फसवतं, काटा फसवतो. फूल फसवत नाही."

तरुणपणी वैद्याने पुष्कळ दोरे बांधले. पुढे त्याची नजर तयार झाली आणि दोरे कमी झाले. मग लोकच म्हणू लागले, आमच्या वैद्यबुवांना दोरा लागत नाही. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला गावाला काय लागतं? वैद्य चढला. दोरा बांधायचा म्हणजे अडाणीपण कबूल करायचं, असं त्याला वाटू लागलं. टेकडीवर दोरा दिसेनासा झाला.

दोरा मात्र घरात तयार होत होता. वैद्याला एकच मुलगी होती, बारा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला, तो उतरला, पण तिच्या पायातली ताकद घेऊन गेला. दिवसभर ती ओट्यावर बसून टकळीवर सूत काढी. आई नव्हती. बाप टेकडीवरून आला की ती विचारी, "बाबा, आज दोरा लागला का?" बाप हसून म्हणे, "नाही लागला." ती हिरमुसून सुताची गुंडी परत खुंटीला अडकवी.

ती हिरमुसे, त्याला कारण होतं. गुरूच्या पोथीचं शेवटचं पान वाळवीने खाल्लं होतं. त्यावर चौथ्या बहिणीचं वर्णन होतं. उरलेल्या चार ओळींत इतकंच वाचता येई, की तिघींची फुलं पांढरी, चौथीचं तांबडं, ऊन तापायला लागलं की फुलतं, आणि तिच्या ओल्या मुळीच्या काढ्याने गेलेले पाय परत येतात. त्या तांबड्या फुलासाठी वैद्य सात डोंगर हिंडून आला होता. मुलीला वाटे, ज्या दिवशी दोरा लागेल, त्या दिवशी ते झाड सापडलेलं असेल.

एका फाल्गुनात गावाने टेकडीवरून गाडीरस्ता करायचं ठरवलं. वाटेतली काटेरी झुडपं काढायची होती. ठेवायच्या झुडपाला गेरूचा ठिपका, काढायच्या झुडपाला चुन्याचा, आणि ठिपके वैद्याने द्यायचे, असं ठरलं. पाटलाने शेजारच्या दोन गावांतले वैद्यही पाहायला बोलावले. आपला माणूस मिरवायची पाटलाला भारी हौस.

वैद्य भराभर ठिपके देत चालला. वाघाटीला गेरू, पाचुंद्याला गेरू, तरटीला चुना. बघणारे माना डोलवत होते. टेकडीवरच्या ओढ्याच्या वळणापाशी मात्र, जिकडे त्याचं फारसं येणं नसे, त्याचा हात थांबला.

तिथे एक कमरेएवढं झुडूप होतं. कधीतरी पाखराच्या विष्ठेतून बी पडून उगवलेलं असावं. अंगावर पान नव्हतं, तरी फांद्या हिरव्यागार होत्या. जोडीजोडीने काटे होते, पण वाघाटीचे असतात तसे वाकडे नव्हते. वैद्याने असं झुडूप पूर्वी पाहिलेलं नव्हतं. हे त्याला त्याच क्षणी कळलं. न कळण्याइतका तो कच्चा नव्हताच. पण सात डोंगर हिंडून न मिळालेलं झाड आपल्याच टेकडीवर असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

त्याच्या कमरेला दोऱ्याची गुंडी होती. लेकीने सकाळी आठवणीने खोचून दिलेली. हात तिकडे गेलासुद्धा. तेवढ्यात पाटील पाहुण्यांना म्हणाला, "आता बघा. आमच्या वैद्यबुवांना दोरा लागत नाही."

वैद्याने हात मागे घेतला. "तरटीच आहे," तो म्हणाला. "शेळ्यांनी ओरबाडून पानं गेलीत."

ओढ्यापलीकडे एक म्हातारी धनगरीण शेळ्या राखत होती. ती काठी टेकत पुढे आली.

"वैद्यबुवा, माझी शेरडं ह्याला तोंड लावत न्हाईत," ती म्हणाली. "कळ्या धरल्यात बघा. आठ दिस ऱ्हाऊ द्या, फूल येईल."

कोणीतरी हसलं. पाहुणे वैद्याकडे बघू लागले. मला माहीत नाही, एवढे तीनच शब्द त्याला बोलायचे होते. पण शेळ्या राखणारीने गावासमोर शिकवावं, हे त्याला झोंबलं. त्याने चुन्याचा ठसठशीत ठिपका दिला आणि आपली जाण दाखवायला वर म्हणाला, "मुळासकट काढा. तरटी परत फुटते."

संध्याकाळी मुलीने विचारलं, तेव्हा तो नेहमीसारखा हसला नाही. नाही लागला, एवढंच म्हणाला.

पाटलाने खूश होऊन कापलेल्या काट्यांची एक गाडी वैद्याच्या अंगणाला कुंपण करायला पाठवली. मुळं आणि बुंधे जळण म्हणून गावच्या चुन्याच्या भट्टीत गेले. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी मुलीने ओट्यावरून हाक मारली.

"बाबा, कुंपणाला तांबडं फूल आलंय."

वैद्य बाहेर आला. तोडलेल्या फांदीत जी काही ओल उरली होती, ती सगळी एका कळीत गेली होती. फूल लहानसंच होतं. तांबडंभडक होतं.

"तेच ना हो?" मुलगी विचारत होती. तिने खुंटीवरची गुंडी केव्हाच हातात घेतली होती.

वैद्य अनवाणीच टेकडीवर धावला. वळणापाशी खड्डा होता. त्याने हातांनी माती उकरली, बोटं सोलवटली, पण मुळीचा एक तंतूही मिळाला नाही. त्यानेच तसं बजावलं होतं आणि माणसांनी काम चोख केलं होतं. भट्टीपाशी गेला, तर तिथे नुसती राख होती. सात डोंगर हिंडला आणि झाड होतं गावच्याच टेकडीवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

परत येताना वाटेत धनगरीण भेटली. तू आणखी का नाही अडवलंस, असं त्याने तिला विचारलं.

"म्या सांगितलं हुतं," ती म्हणाली. "नाव द्याया तुमी हुता."

फुललेली फांदी त्याने अंगणात रोवली, रोज ओंजळीने पाणी घातलं. दोन दिवसांत फूल गळलं आणि फांदी काडी झाली. पुढे कितीतरी उन्हाळे तो ओढे धुंडाळत राहिला. त्या पाखराने बी कुठून आणलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी तो घरी आला तेव्हा मुलगी ओट्यावर वाट बघत बसली होती. तिने हातभर दोरा तोडून, गाठ मारायला सोपा जावा म्हणून टोकाला पीळ देऊन ठेवला होता.

"बाबा, हा घ्या. कुठे आहे ते झाड?"

वैद्य तिच्या पायांशी बसला. जे गावासमोर म्हणायचं होतं, ते तो आता लेकीसमोर म्हणाला.

"मला माहीत नव्हतं, पोरी. आणि मी माहीत आहे म्हणालो."

मुलीने त्याच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं. मग दोरा गुंडाळून बाजूला ठेवला. त्यानंतर तिने टकळी कधी हातात घेतली नाही.

तात्पर्य: न ओळखलेल्याला ओळखलं म्हणू नये. "मला माहीत नाही" म्हटल्याने मान क्षणभर खाली जाते, पण खोटं नाव दिल्याने जे मुळासकट जातं, ते पुन्हा उगवत नाही.