कातळवेढ्यातली दाराची परीक्षा

कातळवेढ्याच्या चर्चचे दार कुऱ्हाडीच्या जुन्या घावांनी भरलेले आहे, आणि वर्षातून एका रविवारी गावचे वडीलधारे त्याच दारावर दणादण काठ्या हाणतात. नवखा पाहुणा पोलिसांना बोलवायला निघतो. मग गावातले म्हातारे लुकसबाबा त्याला ओट्यावर बसवतात, चहा पाजतात आणि सांगतात की आत परीक्षा चालू आहे. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, लहानग्यांना शिकवू पाहणारी मोठी मुले दाराकडे पाठ करून धडा घेत असतात. मागे वळून बघितले की वर्ष वाया गेले.

ही रीत संवत छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळातली, असे सांगतात. शांतवन मास्तर तेव्हा ह्याच चर्चमध्ये शिकवीत. आपल्या माघारी पोरांना कोण सांभाळणार, म्हणून थोरली मुले ते हाताखाली तयार करीत. त्यांत त्यांची लेक तबीथा होती, तेरा वर्षांची. तिची खोड एकच. दर वाक्याला मान वळवून बापाकडे बघायची, बरोबर सांगतेय ना म्हणून.

"तबे, माझ्याकडं काय बघतीस?" मास्तर खेकसत. "पोरं पुस्तक वाचत न्हाईत, तुझं त्वांड वाचत्यात."

पोर हिरमुसायची, आणि पुढच्या वाक्याला पुन्हा बघायची. जित्याची खोड!

मास्तरांच्या साक्षीवरून एक दरोडेखोर फासावर गेला होता. मास्तरची शाळा पोरांसकट मास्तरसमोर जाळीन, अशी शपथ त्याच्या भावाने घेतली. एका रविवारी सकाळी त्याची टोळी ओढा ओलांडताना दिसली. पळायला वेळ नव्हता. मास्तरांनी मुलांना आत ठेवून बाहेरून कुलूप घातले, किल्ली कोरड्या विहिरीत भिरकावली आणि ते उंबऱ्यावर जाऊन बसले. "पोरं कालच नगरला धाडली," एवढेच म्हणाले.

त्या खोट्याला आतल्या शांततेचाच काय तो आधार होता. एक पोर रडले असते तर सगळी जळाली असती.

तबीथाने कुजबुजत बायबलातला, सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलाचा पाठ सुरू केला. देवदूताने सिंहांची तोंडे बंद केली. तुम्ही सगळे सिंह, ती पोरांना म्हणाली. चिमुकल्यांनी तोंडावर हात दाबले. बाहेर आधी मास्तरांची बोटे तुटली, म्हणे, मग गुडघा फुटला. बापाची किंकाळी ऐकून तबीथाचे ओठ थरथरले, तशी समोरची एक पोर मुसमुसू लागली. वळू लागलेली मान तबीथाने सरळ केली आणि ती हसली. हो, हसली. हे सांगताना लुकसबाबा दर वेळी हातातली कपबशी खाली ठेवतात.

मग कुऱ्हाड दारावर पडू लागली. दाराची धूळ तिच्या पाठीवर उडत होती. सिंह गप्प होते.

"आत कुणी असतं तर बोंबललं असतं," म्होरक्या म्हणाला. त्याने मास्तरांच्या पोटात सुरा खुपसला आणि टोळी निघून गेली.

थोड्या वेळाने फटीतून आवाज आला. "तबे, पाठ पुरा झाला का?"

"झाला, बाबा." ती अजून वळली नव्हती.

"मग आता बघ."

ती वळली. उंबऱ्याखालून रक्त आत आले होते. लोकांनी येऊन कुलूप तोडेपर्यंत मास्तर गेले होते.

आजही काठ्या थांबल्या की गावातला सगळ्यांत वयस्क माणूस दाराला तोंड लावून तोच प्रश्न विचारतो. आतून 'झाला' असे आले की त्याने 'आता बघ' म्हणायचे असते. गेल्या वर्षी विचारणारे लुकसबाबा होते, आणि परीक्षेला त्यांचीच नात होती. बाबांना ते दोन शब्द काही केल्या बोलवेनात, आणि पोरगी बराच वेळ तशीच पाठमोरी बसून राहिली.