नाव घेतल्याशिवाय नाव सुटत नाही

पुण्याहून सकाळची एस.टी. पकडून आलात ना? मग पूल ओलांडून उतरल्या उतरल्या हा दगडी कट्टा दिसला असेल. त्यात एकवीस भोकं आहेत आणि भोकांत एकवीस काठ्या. उंबरजाईच्या डोंगरावर जाणाऱ्यानं यातली एक उचलायची. दीड तास चढायचं, देवीला हात जोडायचे, पठारावर डबा खायचा आणि खाली आल्यावर आपली काठी परत भोकात रोवायची. तुमच्या पाठीवर त्या लांब-आखूड होणाऱ्या महागाच्या काठ्या आहेत, दिसतात मला. त्या पाठीवरच राहू द्या. इथं हीच घ्यायची. आणि एकविसाच्या वर माणसं आली तर बाविसाव्यानं काय करायचं, असं सगळे विचारतात. त्यानं चहा प्यायचा आणि कुणी उतरायची वाट बघायची.

मी शिवराम तारू. आमचे पूर्वज या नदीवर नाव चालवायचे, म्हणून आडनाव तारू. पूल झाला तशी नाव गेली, काठ्यांचं काम मात्र आमच्याकडेच राहिलं. त्यामागची गोष्ट ऐका आणि मग चढा. डोंगर कुठं पळून जात नाही.

फार पूर्वी इथं बहिरू तारू नावाडी होता, असं सांगतात. पलीकडच्या वाड्यांची माणसं मंगळवारी देवीला यायची. बहिरू सकाळी त्यांना या काठाला आणायचा आणि दिवस कलायच्या आत परत न्यायचा. भाद्रपदात नदीला ओढ फार, आणि या डोंगरात तेव्हा वाघ होता. मागं राहिला तो राहिलाच. बहिरूला अंक येत नव्हते, पण अक्कल होती. त्यानं हा कट्टा बांधून त्यात भोकं पाडून घेतली. जाताना प्रत्येकानं काठी न्यायची, येताना परत रोवायची. भोक रिकामं असेल तर कुणीतरी वर आहे. सगळी भोकं भरली की दोर सोडायचा. बरीच वर्षं बहिरूचा हिशोब कधी चुकला नाही.

एका भाद्रपदात गेनू नावाचा तरणा शेतकरी बायकोला घेऊन आला. लग्नाला वर्ष झालं होतं. बायकोचं नाव हौसा. पण ते नाव कुणाच्या तोंडी होतं? सासरी ती गेनूची बायको, नाहीतर धाकटी. चारचौघांत नवऱ्यानं बायकोचं नाव घेणं म्हणजे लाज सोडल्यासारखं. हाक मारायची झाली तर ‘अगं ए’. एवढ्यावर संसार चालायचे.

दर्शन झालं, दोघं उतरू लागले. अर्ध्या वाटेवर झरा लागतो, तुम्हालाही लागेल. सासूसाठी तीर्थ न्यायचं म्हणून हौसा तिथं थांबली. “एवढी काठी धरा की,” ती म्हणाली, “गडू भरून आलेच.” गेनूनं काठी घेतली. झऱ्यावर बायका होत्या, पुरुषमाणसानं तिथं ताटकळत उभं राहायचं कसं, म्हणून तो पुढं निघाला. बायकोचं ओझं आपण आणलं याचं त्याला बरंही वाटत असेल. चांगल्या मनानं केलेली गोष्टच कधी कधी गळ्याशी येते.

तेवढ्यात धुकं उतरलं. झऱ्यावरच्या बायका भराभर खाली आल्या. मागं राहिलेल्या हौसाची वाट चुकली. इकडं गेनूनं दोन काठ्या दोन भोकांत रोवल्या आणि नावेत पुढं पुरुषांत जाऊन बसला. मागं बायका पदर ओढून बसल्या होत्या. आपली त्यांतच असणार, असं तो धरून चालला. बहिरूनं कट्टा पाहिला, एकवीस भोकं भरलेली. त्यानं दोर सोडला.

मध्यावर गेल्यावर म्हणे गेनूच्या मनात पाल चुकचुकली. पण विचारायचं कसं? नाव घेतलं असतं तर सगळी नाव हसली असती. पलीकडं एकेक बाई उतरली, आणि हौसा उतरली नाही.

बहिरू चक्रावला. “काठी हाय, मग मानूस कुठं?”

“काठी म्याच आनली,” गेनू म्हणाला.

पाणी चढत होतं. बहिरू म्हणाला, “म्या नाव परत घालतो. पर ती काठाला नसंल तर धुक्यात कुठं हुडकू? तिला काठाला आन. हाक मार.”

गेनू ओरडला, “अगं ए!”

बहिरू खवळला. “अगं ए म्हनल्यावर कोन वळंल रं? लेका, नाव घे तिचं!”

आणि सगळ्या वाड्यांच्या देखत गेनूनं नाव घेतलं. “हौसाऽऽ!” एकदा घेतलं आणि मग थांबलाच नाही. सोबतची माणसं हसली नाहीत. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

हौसा तेव्हा डोंगराच्या खालच्या टप्प्यावर, कड्याच्या धारेवर होती. हातात भरलेला गडू, काठी नाही, पायाखालचं दिसत नाही. पुढचं पाऊल खाली दरीतच पडलं असतं. त्या क्षणी तिच्या कानावर तिचं नाव आलं. सासरी आल्यापासून ते तिनं ऐकलंच नव्हतं. तिला वाटलं, देवीच बोलावते आहे. ती वळली आणि आवाजाच्या रोखानं चालू लागली. आवाज थांबला असता तर ती परत चुकली असती. तो थांबला नाही.

दिवेलागणीला या काठावरून ‘आलेऽऽ’ असा आवाज आला. बहिरूनं देवीचं नाव घेऊन चढत्या पाण्यात नाव घातली आणि हौसाला पलीकडं आणलं. गडूतलं तीर्थ सांडलं नव्हतं, असं सांगतात.

पण गेनूचा घसा त्या दिवशी गेला तो गेलाच. पुढं त्याच्या तोंडून शब्द म्हणून फुटला नाही. जन्मभराचा आवाज त्यानं एका नावात खर्च केला.

बहिरूनं कट्ट्यावर हात ठेवून शपथ घेतली. इथून पुढं ज्याची काठी त्यानंच आणायची. आणि काठी रोवताना सोबतच्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, त्यानं ‘ओ’ दिल्याशिवाय दोर सुटणार नाही. पुढच्या भाद्रपदात गेनू-हौसा आले. गेनूला हाक मारता येईना. तेव्हा हौसानं डोंगराकडं तोंड करून नवऱ्याचं नाव घेतलं. जाणती माणसं भडकली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, तेव्हाची समजूत ती. हौसा शांतपणे म्हणाली, “नाव घेतल्यानं आविष्य घटतं म्हनता? माजं तर नाव घेतल्यानंच वाचलं.” गेनूनं कट्ट्यावर काठी आपटून ‘ओ’ दिली. ती दर वर्षी त्याचं नाव घेत राहिली, आणि तो म्हणे नव्वदीपर्यंत जगला.

तेव्हापासून आमच्याकडं म्हण पडली, नाव घेतल्याशिवाय नाव सुटत नाही. आजही साडेपाचची शेवटची एस.टी. इथं लागली की कंडक्टर आधी कट्टा बघतो. एक भोक रिकामं असेल तर तो घंटी देत नाही. आजही काठी रोवताना माणसं एकमेकांची नावं घेतात. घरी मी आमच्या हिला अजून ‘ऐकलंस का’च म्हणतो. इथं आली की मात्र खणखणीत ‘यमुना’ म्हणतो, आणि ती ‘ओ’ देते. मला त्याचं फार बरं वाटतं, लपवायचं कशाला?

चला, काठ्या उचला. तुम्ही दोघं नवीन लग्नाचे दिसता. चढावर तिची पिशवी घ्या, हात धरा, हवं तर पाठंगुळी घ्या. काठी मात्र तिची तिच्याच हातात राहू द्या.