शेळीची साक्ष

गोजरा माळिणीच्या कुंपणावरच्या अडुळशाने गावाचा खोकला पळाला आणि राजवैद्य त्र्यंबकशास्त्र्यांच्या दारातली गर्दी आटली. शास्त्रीबुवांनी तिला थेट दरबारात खेचलं.

"महाराज, ज्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, त्याचा काढा ही बाई माणसांना पाजते. ते कुंपण उपटून टाका."

गोजराने दाराशी बांधलेली आपली शेळी आत आणली आणि तिच्यापुढे अडुळशाची फांदी धरली. शेळीने तोंड फिरवलं. मग मान लांबवून तिने शास्त्रीबुवांच्या मांडीवरच्या पोथीचं एक पान ओढलं आणि चावून गिळलं.

"कुंपण जागचं हलणार नाही, शास्त्रीबुवा," गोजरा म्हणाली. "आणि शेळीच्या जिभेवरच औषध ठरवायचं असेल, तर उद्यापासून रोग्यांना तुमची पोथी उकळून पाजा."