न उडालेल्या विमानाची दशमी

एकदा एक तरुण आई आपल्या चार वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन एका लहानशा विमानतळावर बसली होती. लेकीचे नाव राही. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र. दुसऱ्या दिवशी सकाळी दूरच्या शहरात तिची शस्त्रक्रिया ठरली होती. रस्त्याचे बारा तासांचे हादरे त्या जिवाला सोसणार नाहीत, म्हणून गावाने विमानाची तिकिटे काढून दिली होती आणि आधाराला एक वृद्ध गुरुजी सोबत आले होते. त्यांची प्रवचने ऐकतच आई मोठी झाली. कुठे अडले की तिचे पाय त्यांच्याच ओट्याकडे वळत.

पिशवीत तिने पहाटे उठून केलेल्या दशम्या होत्या. शिदोरीची गाठ वाटेला लागल्यावरच सोडायची, त्याआधी सोडली तर प्रवास अडतो, ही तिच्या आईची शिकवण.

इतक्यात वैमानिक स्वतःच बाहेर आला. तिशीचाही नसेल. म्हणाला, "धावपट्टीवर आडवा वारा फार आहे. आज मी विमान नेणार नाही. उद्या सकाळी निघू."

शेजारचा एक व्यापारी ताडकन उठला.

"वा रे वा! पगार घ्यायचा ढीगभर आणि वारा सुटला की घरी जायचं? माझा मुलगा डॉक्टर आहे, साहेब. तीस-तीस तास उभा असतो. तुमच्या निम्मंसुद्धा मिळत नाही त्याला. पण पेशंटला कधी 'उद्या या' म्हणाला नाही!"

"काका, वारा माझं ऐकत असता तर नेलं असतं हो," वैमानिक हळूच म्हणाला आणि खाली मान घालून पुढची बोलणी ऐकत राहिला.

आईला व्यापाऱ्याचे पटले. डॉक्टर जीव वाचवतो. हा तर नुसता एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊन सोडतो. मग याला जास्त का? पण लगेच मनात आले, याची एक चूक झाली तर सत्तर माणसे जातील आणि हाही जाईल. डॉक्टरच्या चुकीने एकच जाते. एकच! आणि ते एक माणूस आपली राही असली तर? तिचे डोके भणाणून गेले.

तेवढ्यात गुरुजी उठले. त्यांनी पिशवीतली शिदोरी काढली, गाठ सोडली आणि पहिली दशमी वैमानिकाच्या हातावर ठेवली.

"घे बाळा. आज तू मोठं काम केलंस."

"अहो गुरुजी, हे काय केलंत!" आई कळवळली. "निघायच्या आधीच गाठ सोडलीत? आणि याला दिलीत? याच्यामुळे माझ्या पोरीची वेळ चुकली!"

गुरुजी शांतपणे तिच्याजवळ बसले. "पोरी, विमान न्यायला तो शिकलेलाच आहे. अवघड असतं ते न नेणं. एवढी माणसं तोंडावर बोलत असताना 'नाही' म्हणणं. त्याच्या पगारात या नकाराचंही मोल आहे. आजच्या दिवसाचा पगार कापला, तर परवा त्याचं लक्ष वाऱ्याकडे नसेल, स्वतःच्या चुलीकडे असेल."

"आणि डॉक्टर?"

"त्याचा भार हलका नाही. पण वैमानिक थकला तर नियमच त्याला विमानात बसू देत नाही, आणि डॉक्टर थकला तर आपण त्याचं कौतुक करतो. ते गृहस्थ बघ. मुलगा तीस तास उभा असतो म्हणून छाती फुगलीय. तो झोपला कधी, हे काही त्यांनी सांगितलं नाही."

"मग जास्त कुणाला मिळायला हवं?"

"ते मलाही नीट सांगता येत नाही गं," गुरुजी म्हणाले. आईचा गोंधळ वाढलाच.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि त्याच वैमानिकाने त्यांना सुखरूप पोचवले. रुग्णालयात कळले, राहीची शस्त्रक्रिया आता संध्याकाळी पाच वाजता. पण पाचाला डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या भिंतीला हात टेकवत. डोळे लाल.

"ताई, अपघातातली माणसं आली. मी काल सकाळपासून उभी आहे," त्या म्हणाल्या. "राहीचं उद्या सकाळी करू या का? एका रात्रीने तिला धोका नाही."

मागून व्यवस्थापक घाईघाईने आला. "मॅडम, वेळ दिलेली आहे. या बाई लांबून आल्यात, कालच्या ताटकळल्यात. करून टाका ना!" मग आईकडे वळून, "तुमचं काय म्हणणं आहे, सांगा त्यांना."

आईने गुरुजींकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते. तिच्या ओठांवर 'आजच करा' आले होते. उद्या पुन्हा काही आडवे आले तर? आपण हे बरोबर करतोय की पोरीच्या जिवाशी खेळतोय, तिला काही कळत नव्हते. तरी तिचा हात पिशवीत गेला. एकच दशमी उरली होती. ती तिने डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवली.

"खाऊन घ्या, बाई. आणि झोपा. आम्ही इथंच आहोत."

डॉक्टरबाईंनी उभ्या उभ्याच पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. राहीने विचारले, "आई, मावशी का रडतात?"

"भूक लागली होती त्यांना," आई म्हणाली.

कुणाला किती पगार, हा वाद आपण खुशाल घालावा. फक्त ज्याच्या हाती आपला जीव देतो, त्याला 'आज नको' म्हणायची मोकळीक आपण ठेवली आहे का, एवढे आधी पाहावे.