पैलतीरावरची आत्या

पूर्वी कृतयुगात, जेव्हा अरण्यांना कुऱ्हाडीची ओळख नव्हती आणि नदीशी बोललेले नदीला समजत असे, तेव्हा शुभ्रतोया नावाच्या महानदीच्या उत्तर तीरावर ऋतंभर नावाचा तपोधन राहत असे. त्याचा आश्रम औदुंबरांच्या दाट छायेतला, होमधूमाने सावळलेला. हरिणे येऊन वेदीवरचा दर्भ खाऊन जात, तरी त्यांना कोणी हाकलत नसे. सप्तर्षींच्या शेजारी आसन मिळावे एवढे पुण्य त्याच्या गाठी जमले होते. पण जीव काही स्वस्थ नव्हता.

त्याला एक धाकटी बहीण होती, सूनृता. तिने नागकुमार सुशंखाला मनाने वरले. ऋतंभर तेव्हा तरुण होता, आणि तरुणपणचा राग तो काय सांगावा! ओंजळीत पाणी घेऊन तो बोलून गेला, की आजपासून तुझे पाऊल या तीराला लागणार नाही, तुझा शब्द या तीराला ऐकू येणार नाही. पाणी खाली पडले, वाणी खरी झाली. बहीण पैलतीरी नागांच्या वस्तीत गेली.

तेव्हापासून दर कार्तिकात यमद्वितीयेला सांजावताना ती तिकडच्या काठावर दीप घेऊन उभी राही. भावाला ओवाळताना तिचे ओठ हलत. इकडे ऐकू येई तो नुसता पाण्याचा घोष. ऋतंभर औदुंबराआडून बघत राही. दिवा दिसेनासा होईपर्यंत त्याचा पाय तिथून निघत नसे.

केस पिकल्यावर त्याच्या घरी कन्या जन्मली. आता नाव काय ठेवावे? आसपासचे मुनी मोठ्या हौसेने जमले. कोणी म्हणाले हिरण्यवर्णा, कोणी सोमप्रभा, एकाने तर विश्वतोभद्रा सुचवून वर त्याची व्युत्पत्तीही सांगितली. लेकराने एकाही नावाला डोळा उघडला नाही. रडणे नाही, चुळबुळ नाही. मातीच्या दिव्यातली ज्योत वाऱ्यावर राहते तसा श्वास.

वृद्ध तपस्विनी दीर्घिका कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "बाबांनो, एवढ्या वजनाची नावे त्या इवल्या कानात जायची कशी? ऋतंभरा, तुझ्या कुळात पहिल्या लेकीचे नाव आत्याच्या ओठांतून निघते. तोवर प्राण उंबऱ्यावरच बसून राहतो. तुला ठाऊक नाही थोडेच!"

 ऋतंभराला लहानपणची एक बाहुली आठवली. मुंजगवताच्या काड्यांची. दोघा भावंडांनी तिचे बारसे केले होते. सूनृतेने बाहुलीच्या कानात नाव सांगितले, आणि त्याने किती विनवले तरी ते त्याला सांगितले नाही. तुझी लेक होईल तेव्हा कळेल, म्हणाली होती.

त्याची पत्नी चारुमती आजवर नणंदेविषयी चकार शब्द बोलली नव्हती. तिने मूल त्याच्या हाती दिले. "हिला दूध ओढायचेही बळ उरलेले नाही. आपण औदुंबराआड कोणासाठी उभे राहता, हे मी पाहत आले आहे. आज द्वितीयाच आहे. जावे आपण."

त्या महानदीला ना उतार, ना नौका. ऋतंभर गुडघाभर पाण्यात शिरला आणि हात जोडून त्याने वाट मागितली. तेव्हा शुभ्रफेनवसना नदीदेवता प्रकटून म्हणाली, "मुनिवर्या, मी दुभंगेन. पण तुझे जन्मभराचे तप एकदा जाण्यायेण्यातच सरेल. सप्तर्षींजवळचे तुझे आसन रिकामे राहील, आणि पुन्हा मी तुला वाट देणार नाही."

"राहू दे, माते," तो म्हणाला. "त्या आसनावर बसूनही मी या काठाकडेच बघत राहीन."

पाणी दोहो बाजूंना पर्वतासारखे उभे राहिले. तो चालत गेला.

सूनृता दीप घेऊन उभीच होती. तिचेही केस पांढरे झाले होते. एवढ्या वर्षांनी तिचा आवाज त्याच्या कानी पडला, तो असा: "दादा, किती रे वाळलास! आण इकडे तिला. मान तरी नीट धर लेकराची."

तिने तान्हुलीच्या कानाशी ओठ नेले. "इषीका," ती म्हणाली. इषीका म्हणजे मुंजगवताची कोवळी काडी. वाऱ्याने वाकते, मोडत नाही. मुलाने डोळे उघडले आणि असा टाहो फोडला की काठावरचे बगळे उडाले.

भाऊ रडत होता. शाप परत घेता येत नाही, एवढेच तो कसेबसे म्हणाला.

"माझ्या शब्दाला शाप आहे, तुझ्या नव्हे," सूनृता म्हणाली. "तुझे मला सगळे ऐकू येते. सकाळचे मंत्र येतात, खोकला येतो. हिला मोठ्याने हाक मारत जा."

तो परतला, आणि त्याच्या मागे पाणी मिटले.

आत्याने बाळाच्या कानात नाव सांगावे, ही रीत तेव्हापासून घरोघरी पडली म्हणतात. ऋतंभर सप्तर्षींत गेला नाही. इषीका मोठी झाली, अंगणातच खेळे, बापाच्या हाताच्या अंतरावर. तरी रोज दिवेलागणीला तो काठावर जाऊन उभा राही आणि नदीकडे तोंड करून आपल्या लेकीला हाक मारी. पोर त्याच्या पाठीशी येऊन हसत म्हणे, बाबा, मी इथेच आहे. आणि पैलतीरी एक दिवा हळूच वर उचलला जाई.