पेंड कमी पडली

एका संस्थानात भस्मानंद बुवांचा भारी दरारा होता. त्यांचा अंगारा खाल्ला की मुलगाच होतो, अशी ख्याती. मुलगी झालीच, तर बुवा म्हणत, "श्रद्धा कमी पडली." राणीसाहेबांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

निम्म्या दरबाऱ्यांच्या घरी मुलगे झाले, तेव्हा राजेसाहेब खूश होऊन गावाचं गायरानच बुवांना इनाम द्यायला निघाले.

राणीसाहेब भर दरबारात म्हणाल्या, "आमची चंद्री म्हैससुद्धा सिद्ध आहे. तिला पेंड चारणाऱ्या निम्म्या बायकांना मुलगे झाले!"

"आणि बाकीच्यांना?" बुवा खवचटपणे हसले.

"त्यांची पेंड कमी पडली."

दरबार खदखदून हसला. बुवा गरजले, "माझी तुलना म्हशीशी?"

"चुकलंच, बुवा. म्हैस दूध तरी देते. गायरान तिलाच राहू द्या."